चित्रचिन्हांवरून एकसारख्या वळणाची लिपी कशी करावी?

पाटीपेन्सिल:

नमस्कार मंडळी. एका बैठ्या खेळासाठी काल्पनिक लिपी करायचं काम चालू आहे. नदीकाठचं जुनं व्यापारी नगर, तिथल्या वखारींच्या नोंदी, आणि त्या नोंदींवरून खेळाडूंनी चिन्हांचे अर्थ लावायचे, असा खेळ. चिन्हं एकूण ८४. त्यात जनावरं, धान्यं, भांडी, माणसं, मापं आणि दिलं, घेतलं, खाल्लं, नेलं, बाकी राहिलं अशी थोडी क्रियापदं आहेत.

सगळ्यांची आधी नीट चित्रं काढून झाली आहेत. आता एकेक चित्र साधं करायला घेतलं तर सगळा मेळ बिघडतोय. गाय अजून गायच दिसते, भाताची लोंबी तीन रेघांवर आली आहे, आणि वखारीच्या छपरावरची कौलं अजून मोजता येतात. शेजारी ठेवली की एका हातची वाटत नाहीत. आणखी साधी करावीत तर शेळी-मेंढी आणि मडकं-घागर एकच होऊन बसतात.

चिन्हं ३ मिमी एमडीएफच्या (लाकडी भुसा दाबून केलेल्या फळीच्या) २० मिमी चौकोनी सोंगट्यांवर लेझरने कोरायची आहेत. चिन्हाला जागा १२ मिमी. तीच चिन्हं पत्त्यांवर ६ मिमी उंचीत छापायची आहेत. सोंगटी खेळाडू कुठल्याही बाजूने उचलणार.

साधं करण्याची सुरुवात कुठून करावी? किती रेघा पुरेत? आणि सारखी दिसणारी चिन्हं शोधायची काही रीत आहे का, की नुसतं बघत बसायचं?


मातीचा गोळा:

एकेक चित्र घेऊन साधं करणं हेच थांबवा. असं केलं की प्रत्येक चित्र आपल्यापुरतं सुटतं, आणि ८४ प्रश्नांची ८४ वेगळी उत्तरं मिळतात. आधी हत्यार ठरवा, मग त्या हत्याराने निघतील अशा चार-सहा रेघा ठरवा, आणि मग जुन्या चित्रांकडे बघत सगळी चिन्हं त्याच रेघांत नव्याने बांधा. चित्रातून वजाबाकी करत राहू नका, कोऱ्या चौकटीत बेरीज करा.

मेसोपोटेमियात नेमकं हेच झालं. उरुक या तिथल्या प्राचीन शहरातल्या सुरुवातीच्या मातीच्या पाट्यांवर, म्हणजे इ.स.पू. ३३०० च्या आसपास, चिन्हं टोकदार काडीने ओल्या मातीत ओढून काढलेली आहेत. त्यात वळणदार रेघा भरपूर. पण ओल्या मातीत रेघ ओढली की दोन्ही कडांना माती उचलली जाते, आणि वळणावर तर ती गोळा होते. पुढची रेघ त्या उचललेल्या मातीला अडते. म्हणून ओढणं सुटलं आणि बोरूचा कोपरा दाबून ठसा उमटवणं आलं. दाबून गोलाई निघत नाही. एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळती अशी पाचर तेवढी उमटते. मग सगळी चिन्हं त्या पाचरेतच बसवावी लागली: उभी पाचर, आडवी, तिरपी आणि नुसता कोपरा टेकवून येणारी छोटी खूण. पाण्याच्या दोन नागमोडी रेघा होत्या, त्यांच्या शेवटी तीन पाचरा उरल्या. कुणी बसून पाण्याचं चित्र सोपं केलेलं नाही. हत्यार बदललं आणि चित्राला दुसरा इलाजच राहिला नाही.

हे घरी करून बघण्यासारखं आहे. शाडूची माती चपातीच्या कणकेइतकी मऊ मळा, साधारण १ सेंमी जाडीची वडी थापा, आणि चौकोनी काठाची चॉपस्टिक घेऊन तिचा कोपरा दाबा. काडी तिरपी धरली की पाचर येते, जास्त उभी धरून टोकाचा नुसता कोपरा टेकवला की त्रिकोण. माती बोटाला चिकटत असेल तर अजून ओली आहे, दहा-पंधरा मिनिटं उघडी ठेवा. कडेला भेगा पडत असतील तर फार सुकली. आपली पाच-सहा चित्रं यात बसवून बघा. कुठला तपशील टाकायचा हे मातीच सांगते, फार विचार करावा लागत नाही.

दुसरी गोष्ट, चिन्हं आडवी करणं. पाचरलिपीत कधीतरी सगळी चिन्हं एक काटकोन डावीकडे वळली, त्यामुळे माणसाचं डोकं उताणं झोपलेलं दिसतं. ओळख मोडायला हा उपाय फार जोरकस आहे. पण क्रम सांभाळा: आधी चित्र वळवा, नंतर रेघांत बांधा. बांधून झाल्यावर वळवलंत तर उभ्या रेघांचे नियम आडव्यांना लागतात आणि वळण बिघडतं.

तिसरी आणि मोठी गोष्ट म्हणजे चिन्हांची संख्या. ८४ अर्थांसाठी ८४ स्वतंत्र आकार लागत नाहीत. सुमेरी लिपीत, म्हणजे मेसोपोटेमियातल्या याच पाचरलिपीत, डोक्याचं चिन्ह आहे. त्यातल्या तोंडाच्या जागी रेघांची भर घातली की 'तोंड'. तोंडात भाकरीचं चिन्ह घातलं की 'खाणं', पाण्याचं घातलं की 'पिणं'. तुमच्याकडे भांड्याची चौकट एक करा आणि आत तेल, तूप, मध, पाणी यांच्या खुणा ठेवा. हात एक करा: हात आणि बाहेर जाणारी रेघ म्हणजे दिलं, हात आणि आत येणारी रेघ म्हणजे घेतलं. पंचवीस-तीस मूळ आकार आणि आठ-दहा भर घालायच्या खुणा, यात ८४ सहज बसतील. खेळाडूलाही उकल करायला धागा मिळतो, एक चिन्ह सुटलं की त्याच्या पोटातली तीन सुटतात.

आणि प्रत्येक चिन्हाचं मूळ चित्र असलंच पाहिजे असं मनात धरू नका. उरुकच्या पाट्यांवर मेंढीचं चिन्ह म्हणजे वर्तुळात फुली. त्यात मेंढी शोधून सापडणार नाही. शेळी-मेंढीचा घोळ तुम्हालाही असाच मिटवता येईल.


बोरूबहाद्दर:

हत्यार आधी, याला पूर्ण अनुमोदन. पण वरच्या प्रतिसादात दोन वेगळी कामं एकात मिसळली आहेत, ती सुटी करून बघावीत. एक काम एकसारखेपणाचं, दुसरं अमूर्त करण्याचं. एक झालं म्हणून दुसरं होत नाही.

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी ओट्ल आयखर यांनी केलेली खेळांची चिन्हं बघा. डोकं म्हणजे एक गोळा, हातापायांची जाडी ठरलेली, रेघा आडव्या, उभ्या नाहीतर ४५ अंशांत. एकसारखेपणा त्याहून जास्त होणं कठीण. तरी पोहणारा पोहतानाच दिसतो, सायकलवाला सायकलवरच. ती अक्षरं झालेली नाहीत, होणं अपेक्षितही नव्हतं. उलट बाजूला चिनी लिपी. तिथे अमूर्तपणा इतका पुढे गेला की माशाची शेपटी, घोड्याचे पाय, पक्ष्याचा खालचा भाग आणि विस्तव हे चारही तळाशी मांडलेल्या त्याच चार ठिपक्यांवर येऊन थांबले. चित्रं वेगळी होती, कुंचल्याने जवळजवळ आलेल्या छोट्या रेघा एकाच झटक्याच्या झाल्या. दुसऱ्या चिन्हांचा भाग म्हणून येणारं 'मांस' आणि 'चंद्र' हेही असेच एकमेकांसारखे दिसू लागले.

तुमच्या खेळात ही मिसळ मुद्दाम दोन-तीन ठिकाणी करा. प्रत्येक समान तुकड्याचा अर्थ समान निघाला तर कोडं फार लवकर सुटतं, आणि लिपीही कुठल्यातरी कारखान्यातून आल्यासारखी वाटते.

रेघांची संख्या विचारलीत. सगळ्या चिन्हांना सारख्या रेघा देऊ नका, ही चूक नवशिक्या लिपीत हमखास असते. प्रत्येक चिन्हाला पाच रेघा दिल्या की पान चटईसारखं दिसतं आणि डोळा कुठेच अडकत नाही. रोजच्या वापरातलं चिन्ह झिजतं, क्वचित लागणारं जड राहतं. 'आणि', 'एकूण', 'दिलं' यांना एक-दोन रेघा. धान्यं, जनावरं, भांडी यांना तीन ते पाच. 'देवळाचा कोठीवाला' वगैरे पदनामांना सात-आठ गेल्या तरी चालतील. नोंदींचा मजकूर तयार असेल तर कुठलं चिन्ह किती वेळा येतं ते मोजा आणि उतरत्या क्रमाने रेघा वाटा.

कमी रेघांत जास्तीत जास्त वेगळेपणा कसा येतो हे बघायचं असेल तर अशोककालीन ब्राह्मीचा तक्ता समोर ठेवा. क म्हणजे अधिकचं चिन्ह. ग म्हणजे उलटा कोन. ठ म्हणजे वर्तुळ, थ म्हणजे वर्तुळात टिंब. न म्हणजे आडव्या पट्टीवर उभा दंड. ट उजवीकडे उघडा अर्धगोल. स्वरांच्या खुणा ठरलेल्या जागी: आ ची छोटी आडवी रेघ व्यंजनाच्या वरच्या अंगाला उजवीकडे. बंद आकार, उघडा आकार, छेदणारी रेघ, टेकणारी रेघ, आतलं टिंब या पाच फरकांवर बहुतेक सगळं उभं आहे. सोपाऱ्याच्या अशोककालीन शिलालेखाचा तुकडा मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, जमलं तर प्रत्यक्ष बघा. छापील तक्त्यात न दिसणारं एक तिथे कळतं: हाताने कोरलेल्या अक्षरांत तेच अक्षर दर वेळी थोडं वेगळं येतं आणि तरी ओळखू येतं. तुमचं चिन्हही तेवढी हलगर्जी सोसणारं हवं.

आता फरक कशावर टांगू नये ते. लांबीवर तर कधीच नाही. चिनीत 'माती' आणि 'विद्वान' या दोन चिन्हांत तीनच रेघा, त्याच जागी. खालची आडवी लांब तर माती, वरची लांब तर विद्वान. शिकणाऱ्याला दमवणारी जोडी आहे ती. आपल्याकडे घ-ध आणि भ-म बघा. फरकाचा मोठा वाटा शिरोरेषेतल्या फटीवर, आणि घाईत ओळभर शिरोरेषा ओढली की फट बुजते. फरक असा ठेवा की चिन्ह घाईत काढलं, थोडं पुसलं किंवा अर्धं झाकलं तरी उरावा.

एकदा संच झाला की संगणकाकडे वळायच्या आधी प्रत्येक चिन्ह हाताने भरभर वीस-पंचवीस वेळा काढा. ३ मिमी टोकाचा बोरू, देवनागरीच्या कित्त्यासाठी छाटतो तसा तिरका. कुठली रेघ आधी, कुठली नंतर हे ठरवून लिहून ठेवा: डावीकडून उजवीकडे, वरून खाली, बंद चौकटीची खालची रेघ शेवटी. रेघांचा क्रम एक असला की वळण आपोआप एक होतं. मोडीत आधी पानभर शिरोरेषा ओढून घ्यायची आणि मग हात न उचलता अक्षरं लिहायची, या दोन सवयींनीच तिचं सगळं रूप घडवलं आहे. जे चिन्ह भरभर काढताना हात अडखळवतं ते रचनेतच चुकलेलं असतं, त्याला सुबक करत बसू नका, बदला.


पाटीपेन्सिल:

दोघांचेही आभार. भांड्याची चौकट आणि हात लगेच जमले, चिन्हं खरंच कमी झाली. जनावरांपाशी गाडी अडली आहे: गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी. पाचही डोकी समोरून काढलेली आहेत. आणि सोंगटी फिरली की कोन खाली, कोन वर, कोन डावीकडे अशी तीन चिन्हं एकच होतात. त्याचं काय करावं?


मातीचा गोळा:

जनावरांसाठी आधी कागदावर प्रत्येकासमोर एकच ओळ लिहा: शेजारच्यापेक्षा वेगळं काय? डोळे, नाकपुड्या, कान पाचांनाही आहेत, म्हणून ते सगळे बाद. शिंगं उरतात.

तोंड म्हणजे खाली टोक असलेला कोन, पाचांनाही एकच. गाय: कोनाच्या दोन्ही टोकांवर आखूड उभ्या रेघा. म्हैस: कोनाच्या डोक्यावरून दोन्ही बाजूंना बाहेर जाणारी एक सलग आडवी रेघ, तिची शिंगं तशीच पसरलेली असतात. शेळी: एकाच दिशेला झुकलेल्या दोन समांतर तिरप्या. बैल: गायीच्या कोनात टिंब, आणि हे टिंब 'नर' म्हणून सगळ्या जनावरांना लावा, म्हणजे रेडा आणि बोकड फुकटात मिळाले. मेंढीचं शिंग वळलेलं, तुमच्या रेघांत गोलाई नाही, तेव्हा तिचा नाद सोडा आणि चौकटीत फुली द्या. मेंढा मात्र चौकटीबाहेर टिंब देऊन करावा लागेल, कारण आत फुलीने जागा खाल्ली. असा एखादा अपवाद राहू द्या.

चिन्हं आडवी करायची असतील तर ते आत्ताच ठरवा, नाहीतर शिंगांच्या रेघा पुन्हा बांधाव्या लागतील.

सारखी चिन्हं शोधायची रीत. ८४ चिन्हांच्या जोड्या होतात ३४८६, नुसतं बघून होणार नाही. प्रत्येक चिन्हाला एक संकेत द्या: उभ्या किती, आडव्या किती, तिरप्या किती, टिंबं किती, बंद जागा किती, छेद किती. गाय म्हणजे २-०-२-०-०-०, म्हैस ०-१-२-०-१-०. म्हशीची आडवी रेघ कोनाचं तोंड बंद करते, म्हणून बंद जागा एक. शेळी ०-०-४-०-०-०. हे स्प्रेडशीटमध्ये भरून क्रमाने लावा. ज्यांचा संकेत तंतोतंत एक येतो ती चिन्हं शेजारी येतात. तेवढेच गट छापून डोळ्यांनी तपासायचे. मग एकाच आकड्याने वेगळी असलेली बघायची. त्यांत फरक फक्त टिंबाचा असेल तर ६ मिमीला टिंब दिसतं का ते पाहा. छेद किंवा बंद जागेचा फरक सगळ्यात टिकाऊ, टिंबाचा सगळ्यात नाजूक.

एक धोका: संकेत वेगळा असूनही चिन्हं सारखी दिसू शकतात. टेकलेली आणि जेमतेम न टेकलेली रेघ हे नेहमीचं कारण. म्हणून नियम करा की रेघ एकतर स्पष्ट छेदेल, नाहीतर स्पष्ट अंतर ठेवेल. नुसतं टेकणं फक्त कोपऱ्यावर.


सव्वा इंच:

फिरण्याच्या प्रश्नाला तीन उत्तरं आहेत आणि पहिलं सगळ्यात स्वस्त. सोंगटीचा एक कोपरा ३ मिमी तिरका कापा. लेझर कापतच आहे, खर्च शून्य, आणि बोटाला अंधारातही वरची बाजू कळते. दुसरं, सगळ्या चिन्हांना शिरोरेषेसारखी एक समान रेघ द्या. दिसायला छान, पण १२ मिमीतले अडीच मिमी गेले आणि पत्त्यांवर त्याची गरजच नाही. तिसरं, चारही दिशांना वेगळी राहतील अशीच चिन्हं निवडा. ते करू नका. प्रत्येक जोडी चार वेळा तपासावी लागेल आणि चांगले आकार हातचे जातील. खिशात पडलेली सोंगटी पालथी असते ती गोष्ट वेगळी, मागची बाजू कोरी ठेवा म्हणजे झालं.

आता जाळी. १२ मिमीसाठी १२ बाय १२ घरं, एक घर एक मिमी. बारा घेण्याचं कारण तो आकडा निम्मा, तिसरा आणि चौथा भाग सरळ देतो. रेघेची जाडी एक घर, दोन समांतर रेघांत मोकळी जागा निदान दीड घर. या हिशोबाने एका दिशेला पाच समांतर रेघा जेमतेम मावतात, पण चारवर थांबा. लांब्या तीनच: ४, ८ आणि १२ घरं. पत्त्यावर हेच अर्ध्यावर येईल, रेघ अर्धा मिमी आणि फट पाऊण मिमी. साध्या डिजिटल छपाईला ते झेपतं. त्याहून बारीक फट लॅमिनेशनखाली भरल्यासारखी दिसते.

इंकस्केप या रेखाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिलीच चूक होते ती जाळीच्या सुरुवातीची. रेघ तिच्या मध्यावरून मोजली जाते. पूर्ण घराच्या ओळीवर एक मिमी जाडीची रेघ ठेवली की अर्धा मिमी चौकटीबाहेर जातो, आणि कडेची चिन्हं मधल्यांपेक्षा मोठी दिसतात. जाळी आडवी-उभी अर्धा मिमी सरकवा म्हणजे रेघेच्या कडा बरोबर घरावर येतील. टोकं सपाट कापलेली (बट) ठेवायची की गोल हे एकदाच ठरवा. गोल ठेवलीत तर प्रत्येक टोकाला अर्धं घर लांबी वाढते, ती आधीच वजा करा.

मूळ आकार एकदाच काढा आणि बाकी सगळीकडे त्यांची क्लोन वापरा, ऑल्ट-डी. म्हणजे भांड्याची चौकट बदलली की तिच्यातली सगळी चिन्हं बदलतात. रेघांचं आकारात रूपांतर, कंट्रोल-ऑल्ट-सी, अगदी शेवटी आणि वेगळ्या प्रतीवर. एकदा रूपांतर झालं की जाडी बदलायला सगळं नव्याने काढावं लागतं. रूपांतरानंतर प्रत्येक चिन्हाचे तुकडे युनियनने जोडा. नाहीतर भरून कोरताना रेघा एकमेकींवर येतात त्या जागी काही सॉफ्टवेअर पांढरी खिडकी सोडतं, काही तीच जागा दोनदा जाळतं.

जाळीवर तंतोतंत बसलेलं डोळ्याला तंतोतंत दिसत नाही. आडवी रेघ त्याच जाडीच्या उभीपेक्षा जाड भासते, ती पाच ते आठ टक्के बारीक करा. खाली टोक असलेला कोन छोटा वाटतो, टोक पाव मिमी बाहेर जाऊ द्या. दोन तिरप्या छेदतात तिथे काळा डाग दिसतो, कोन अरुंद असेल तर जास्तच. म्हणून ४५ अंशांपेक्षा अरुंद कोन शक्यतो टाळा. शेळीच्या दोन समांतर तिरप्या बघा: घरं मोजून दोन घरं आडवं अंतर ठेवलं तरी ४५ अंशांत खरं लंबांतर सुमारे १.४ मिमी येतं, त्यातून जाडी वजा केली की फट उरते ०.४ मिमी. तिथे आडवं अंतर चार घरं लागेल.

एमडीएफवर कोरताना धूर शेजारच्या पृष्ठभागावर बसतो आणि बारीक बंद जागा तपकिरी होतात. आधी कागदी मास्किंग टेप लावून कोरा, मग टेप काढा. बंद जागा निदान दीड बाय दीड मिमी ठेवा, कारण त्याहून छोटा टेपचा तुकडा चिमट्यानेही निघत नाही. आरपार कापायचा मोह झाला तर लक्षात असू द्या की मेंढीच्या चौकटीतले चारही त्रिकोण गळून पडतील. स्टेन्सिलसारखे पूल ठेवावे लागतील आणि पुलांनी बंद आकार उघडे दिसतील, म्हणजे वरचा संकेत बदलला.

तपासणी सोपी. सगळी चिन्हं एका पानावर ६ मिमीला छापा, आणि त्याच पानाची प्रत रेघेच्या जाडीइतक्या त्रिज्येचा ब्लर देऊन. धूसर प्रतीवरून दुसऱ्या कुणाला तरी स्वच्छ प्रतीत बोट ठेवायला सांगा. जिथे दोनदा चुकतं ते चिन्ह बदला. स्वतः तपासू नका, स्वतःला सगळं ओळखू येतं.

फाँट करायचा असेल तर फाँटफोर्जमध्ये एम, म्हणजे अक्षराच्या चौकटीचं माप, १२०० ठेवा, एक घर बरोबर १०० एकक होतं. चिन्हं युनिकोडच्या खासगी वापराच्या पट्ट्यात, ई००० पासून पुढे. देवनागरीच्या जागांवर बसवू नका, नाहीतर मांडणीचं सॉफ्टवेअर वेलांटीसारखी चिन्हं उचलून पुढे-मागे करेल.


बोरूबहाद्दर:

सव्वा इंच यांच्या जाळीला विरोध नाही, फक्त ती दुसऱ्या पायरीवर यावी. जाळीवरच जन्मलेलं चिन्ह चांगलं तपासता येतं, पण जुनं वाटत नाही. आधी बोरूने किंवा मातीत, मग जाळीवर. आणि जाळीवर आणताना हातच्या वळणातली एखादी खोड मुद्दाम ठेवा. उदाहरणार्थ, प्रत्येक उभ्या रेघेच्या डोक्यावर बोरू टेकल्याची छोटी पाचर. ब्राह्मीनंतरच्या लिप्यांत अक्षरांच्या डोक्यावर अशीच टोपी आली आणि ती रुंदावत शेजारच्या अक्षराला भिडली, तीच आपली शिरोरेषा. एवढी एक खूण सगळीकडे सारखी असली तर बाकी आकार बरेच वेगळे असूनही एका घरातले दिसतात.

अमूर्त किती करावं याबद्दल माझं मत: सगळं ओळखण्यापलीकडे नेऊ नका. साधारण पाव चिन्हं बघताच कळतील अशी, निम्मी सांगितल्यावर पटतील अशी, आणि पाव निव्वळ रूढ. खेळाडूला पहिल्या फेरीत हाताशी काही लागलं नाही तर तो सोंगट्या बाजूला ठेवतो. एखाद-दोन चिन्हांची तिन्ही रूपं, म्हणजे चित्र, मधलं आणि शेवटचं, 'जुनी पाटी' म्हणून पत्त्यावर द्या. आडवं करण्याची युक्ती एका पत्त्यावरून कळली की बाकीची चिन्हं तो स्वतःच मान वाकडी करून बघेल.


पाटीपेन्सिल:

कोपरा कापण्याचं पक्कं. संकेताची यादी भरायला घेतली आहे, सहा गट तंतोतंत सारखे निघाले, त्यांतले दोन निव्वळ लांबीवर वेगळे होते. शेवटची शंका: आकडे याच रेघांत बांधावेत की वेगळे?


मातीचा गोळा:

वेगळे. उरुकमध्ये आकडे आणि चिन्हं एकाच पाटीवर आहेत, पण दोन निराळ्या पद्धतींनी उमटवलेली. चिन्हं टोकदार काडीने ओढलेली, आकडे गोल टोकाची काडी दाबून उमटवलेले. तिरपी दाबली की एक, सरळ उभी दाबली की गोल खड्डा, म्हणजे दहा. मोठी काडी तिरपी दाबली की साठ. त्यामुळे वाचता येत नसलेल्या पाटीतही आकडे कुठले हे लगेच दिसतं. तुमच्या संचात गोलाई नाहीच, तेव्हा गोल आकार फक्त आकड्यांना राखून ठेवा. फक्त 'नर' खुणेचं टिंब चौकोनी करा, नाहीतर रेड्याच्या तोंडात दहा आहेत असं कुणीतरी वाचेल.

खेळासाठी आणखी एक. तिथे काय मोजतोय यावर आकड्याची किंमत बदलायची. मेंढ्या मोजताना तो गोल खड्डा दहाचा, तोच सातूच्या मापांत लहान खुणेच्या सहापट. बेरजेच्या पाट्या दिल्यात तर खेळाडूला हे हिशोबातून शोधता येईल: जनावरांची बेरीज जुळते, धान्याची जुळत नाही. निदान तीन धान्यपाट्या लागतील, एकीवरून सहाचा पाढा निश्चित होत नाही, आणि त्यातल्या एकीत तरी हातचा आला पाहिजे.